नायगाराला जाताना सेनेका काउंटीत थांबा : दोन सरोवरांमधल्या भूमीविषयी

अनघा_रॉचेस्टर

न्यूजर्सीहून गाडीने नायगाराला जाणारी आपली माणसं सिरॅक्युसपाशी आय-९० या महामार्गाला लागतात आणि सेनेका काउंटी (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) पंधरा-वीस मिनिटांत मागे टाकतात. कुणी थांबलंच तर एखाद्या वाईनरीत, तासभर. मी इथून जवळच राहते आणि दर उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना गळ घालते की एक्झिट ४१ ला उतरा, दोन दिवस इथे काढा आणि मग पुढे जा. तेच सगळं या धाग्यावर एकत्र लिहिते आहे. ज्यांना या भागाची माहिती आहे त्यांनी भर घालावी.

आधी भूगोल, कारण बाकी सगळं त्यातूनच आलं आहे. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यावर उत्तर-दक्षिण पसरलेली ११ लांबट सरोवरं आहेत, त्यांना फिंगर लेक्स म्हणतात. हिमयुगातल्या बर्फाने जुनी नदीखोरी खोल खरवडून काढली आणि पुढे त्यांत पाणी साठलं. त्यांतली सर्वांत मोठी दोन म्हणजे पश्चिमेचं सेनेका आणि पूर्वेचं कयुगा, आणि त्यांच्या मधल्या उंचवट्यावर ही काउंटी. सेनेका लेक सर्वाधिक खोल जागी १८८ मीटर आहे, तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो. एवढं पाणी सहसा गोठत नाही. हिवाळ्यात ते काठाला ऊब देतं आणि वसंतात काठ गार ठेवून वेलींना घाईने फुटू देत नाही, त्यामुळे उशिराच्या थंडीत कोंब जळत नाहीत. इथली द्राक्षशेती या पाण्याच्या जिवावर उभी आहे.

काउंटी स्थापन झाली १८०४ साली. आजची लोकसंख्या जेमतेम ३४ हजार, तरीही मुख्यालयं दोन : उत्तरेला वॉटर्लू, दक्षिणेला ओव्हिड. ओव्हिडला कोर्टाच्या तीन जुन्या इमारती एका रांगेत उभ्या आहेत. तिन्ही लाल विटांच्या, पुढे पांढरे ग्रीक धाटणीचे खांब, पण एक मोठी, एक मधली, एक लहान. लोक त्यांना ‘तीन अस्वलं’ म्हणतात. मुलांना हे फार आवडतं, गाडी थांबवून फोटो काढाच.

आता ज्यासाठी मी खरं तर हा धागा काढला ते. सेनेका फॉल्स या गावात १९ आणि २० जुलै १८४८ रोजी अमेरिकेतली पहिली स्त्री-हक्क परिषद भरली. सुरुवात शेजारच्या वॉटर्लूला झाली. ९ जुलैला जेन हंट यांच्या घरी पाच जणी चहाला जमल्या. त्यांत फिलाडेल्फियाहून आलेल्या ल्युक्रिशिया मॉट होत्या आणि सेनेका फॉल्सला नुकत्याच राहायला आलेल्या, घरात लहान मुलांच्या रगाड्यात अडकलेल्या एलिझाबेथ कॅडी स्टँटन होत्या. त्या बैठकीतच परिषद घ्यायची ठरली आणि पेपरात सूचना गेली. पुढच्या रविवारी वॉटर्लूच्याच मॅक्लिंटॉक कुटुंबाच्या दिवाणखान्यात जाहीरनाम्याचा मसुदा झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा साचा त्यांनी तसाच घेतला. सर्व पुरुष समान जन्मतात असं जिथे म्हटलं होतं तिथे ‘सर्व स्त्री-पुरुष’ असं लिहिलं आणि राजाविरुद्धच्या तक्रारींच्या जागी पुरुषांनी चालवलेल्या अन्यायाची यादी दिली : लग्न झालं की कायद्याच्या लेखी बाई मेल्यात जमा, तिच्या कमाईवर तिचा हक्क नाही, कॉलेजची दारं बंद, मत नाही.

परिषदेच्या सकाळी वेस्लियन चॅपलला कुलूप होतं. स्टँटनबाईंच्या लहान भाच्याला खिडकीतून आत सोडून दार उघडावं लागलं. पहिला दिवस फक्त बायकांचा, दुसरा सर्वांसाठी खुला. सगळे ठराव एकमताने पास झाले, अपवाद एकच, मताधिकाराचा. हे मागितलं तर लोक हसतील, बाकीच्या मागण्याही बुडतील असं खुद्द तिथल्याच अनेकांना वाटत होतं. तेव्हा रॉचेस्टरहून आलेले फ्रेडरिक डग्लस उभे राहिले. गुलामगिरीतून पळून सुटलेला हा माणूस तेव्हा स्वतःचं वर्तमानपत्र चालवत होता. त्यांनी बाजू लावून धरली आणि ठराव निसटता पास झाला. जाहीरनाम्यावर १०० सह्या आहेत, ६८ स्त्रियांच्या आणि ३२ पुरुषांच्या. मताधिकार देशभर मिळाला तो १९२० साली. सह्या करणाऱ्यांपैकी त्या वेळी हयात होत्या एकट्या शार्लट वुडवर्ड. १८४८ मध्ये ही मुलगी घरी बसून हातमोजे शिवत असे. १९२० च्या निवडणुकीला मात्र आजारपणामुळे त्यांना मत द्यायला जाता आलं नाही.

चॅपलचं पुढे नाट्यगृह झालं, गॅरेज झालं, कपडे धुण्याचं लाँड्रोमॅटही झालं. १९८० मध्ये इथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झालं. आत गेलात की भिंतींकडे नीट बघा : मूळ विटांचा भाग वेगळा ओळखू येतो, आणि तो थोडाच उरला आहे. बाहेर एका लांब दगडी भिंतीवर जाहीरनामा आणि सगळी नावं कोरली आहेत, वरून पाणी वाहत असतं. हात लावून नावं वाचता येतात. प्रवेश मोफत.

गावात ‘फॉल्स’ शोधू नका. इथे नदीवर खरोखर धबधबे होते आणि त्यांच्यावर गिरण्या चालत. १९१५ मध्ये कयुगा-सेनेका कालव्याच्या नव्या बांधकामात धबधबे आणि खालची कारखान्यांची अख्खी वस्ती पाण्याखाली घातली. आज तिथे संथ, सुंदर तळं दिसतं.

सायली_पुणे

अनघाताई, फार छान. १८४८ हे साल वाचून अंगावर काटा आला. त्याच साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांची खबर नव्हती.

पण पुढे धागा खरोखरच जुळला. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत हिंडल्या, बोलल्या. सेनेका फॉल्सच्या परिषदेला ४० वर्षं झाली म्हणून १८८८ च्या वसंतात वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ती बोलावण्यात स्टँटन आणि मताधिकाराच्या चळवळीतल्या त्यांच्या सहकारी सुझन अँथनी पुढे होत्या. रमाबाई त्या परिषदेला हजर होत्या. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर मोठं प्रकरण आहे. त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. म्हणजे तुमच्या त्या चॅपलमधून निघालेली गोष्ट मराठी वाचकांपर्यंत चाळीसेक वर्षांत पोचली होती.

अनघा_रॉचेस्टर

सायली, हे इथे आलं ते फार बरं झालं. त्याला जोडून एक : सेनेका लेकच्या उत्तर टोकाला, काउंटीची हद्द ओलांडली की लगेच जिनिव्हा हे गाव लागतं. तिथल्या मेडिकल कॉलेजातून एलिझाबेथ ब्लॅकवेल १८४९ मध्ये डॉक्टर झाल्या, अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. प्रवेशाचा निर्णय कॉलेजने विद्यार्थ्यांवर सोपवला होता आणि त्यांनी गंमत समजून होकार दिला, असं सांगतात. त्यांचा पुतळा तिथल्या कॉलेजच्या आवारात आहे. आणि आनंदीबाईंच्या अस्थी हडसन नदीकाठच्या पकिप्सी गावातल्या दफनभूमीत आहेत, अमेरिकेत त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या घरच्यांच्या जागेत. न्यूजर्सीहून येताना थोडी वाट वाकडी केली तर एकाच प्रवासात दोन्ही होतं.

धुंडीराज

लेख आवडला, पण सुरुवात १८०४ पासून करून चालणार नाही. ही जमीन कयुगा लोकांची. ते हौडेनोसौनी या सहा राष्ट्रांच्या संघातले. सेनेका लोकही त्याच संघातले. सरोवरांना नावं त्यांचीच आहेत, पण ही माणसं इथून कशी गेली हे पाट्यांवर फार कमी सापडतं.

१७७९ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना या संघातल्या बहुतेकांनी ब्रिटिशांची बाजू घेतली होती. जॉर्ज वॉशिंग्टनने जनरल सलिव्हनला फौज देऊन पाठवलं. वस्त्या आणि पिकं समूळ नष्ट करा, असा हुकूम होता. फौज सप्टेंबरच्या सुरुवातीला सेनेका लेकच्या पूर्व काठाने वर सरकली. आजच्या रॉम्युलस परिसरात केंडाया नावाचं गाव होतं, तिथे सफरचंदाच्या जुन्या बागा होत्या, म्हणून सैनिक त्याला ‘ॲपलटाउन’ म्हणत. घरं जाळली, झाडं तोडली. कयुगाच्या पलीकडच्या काठावर पीचची १,५०० झाडं तोडल्याची नोंद सैनिकांच्याच रोजनिशीत आहे. मका कापणीला आलेला असताना जाळला. माणसं नायगाराच्या ब्रिटिश किल्ल्याकडे पळाली आणि त्या कडक हिवाळ्यात उपासमारीने, थंडीने मेली.

युद्ध संपल्यावर राज्याने इथली जमीन सैनिकांना बक्षीस म्हणून वाटली, प्रत्येकी ६०० एकरांपासून पुढे. त्या तुकड्यांना रोमन-ग्रीक नावं दिली, म्हणून नकाशावर ओव्हिड, रॉम्युलस, ज्युनियस अशी गावं आहेत. कयुगा लोकांकडे सरोवराच्या उत्तर टोकाभोवती ६४ हजार एकर राखीव उरले होते. १७९५ मध्ये राज्याने तेही करार करून घेतले, केंद्राची संमती न घेता, म्हणजे १७९० च्या केंद्रीय कायद्याविरुद्ध. त्यांनी १९८० मध्ये दावा लावला. खालच्या कोर्टाने २००१ मध्ये व्याजासकट सुमारे २४.८ कोटी डॉलर द्यायला सांगितले. अपील कोर्टाने २००५ मध्ये तो निकाल फिरवला : इतक्या उशिरा मागणं मान्य करता येत नाही, असं म्हणून. सुप्रीम कोर्टाने पुढे ऐकायला नकार दिला.

आणि अनघाताईंनी लिहिलेल्या परिषदेशी याचा थेट संबंध आहे. हौडेनोसौनी समाजात कूळ आईकडून चालतं. सरदार कोण व्हायचा हे कुळाची ज्येष्ठ स्त्री ठरवते, नीट वागला नाही तर तीच त्याला काढते. शेत आणि घर बायकांच्या ताब्यात. मताधिकाराच्या चळवळीतल्या मटिल्डा जॉस्लिन गेज यांनी हे जवळून पाहिलं आणि त्यावर लिहिलं. ज्या जमिनीवर बायका पिढ्यान्‌पिढ्या सरदार निवडत होत्या, त्याच जमिनीवर ७० वर्षांनी दुसऱ्या बायकांना मतासाठी सभा भरवावी लागली. सेनेका फॉल्सला जाणाऱ्याने हे मनात ठेवूनच जावं असं मला वाटतं.

कृष्णाकाठ_शिरोळ

मी गावाकडनं वाचतोय. इतिहास भारीच, पण मला शेतीचं विचारायचंय. दोन तळ्यांच्या मधी जमीन म्हटल्यावर पाणी धरून राहत असणार. निचऱ्याचं काय करतात तिथं? आमच्याकडं ऊसाला पाणी पाजून पाजून हजारो एकर क्षारपड झाली, म्हणून विचारतोय.

सतीश_इथाका

काका, तुम्ही नेमका प्रश्न विचारलात. याचं उत्तर म्हणजे अख्खं म्युझियम आहे!

सेनेका लेकच्या पूर्व काठावर, जिनिव्हापासून हाकेच्या अंतरावर जॉन जॉन्स्टन नावाच्या स्कॉटिश शेतकऱ्याचं घर आहे. तो १८२१ मध्ये आला. जमीन चिकणमातीची, पाणी खाली मुरेना, गहू पिवळा पडायचा. स्कॉटलंडमध्ये शेताखाली भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरून पाणी काढतात हे त्याने लहानपणी पाहिलं होतं. तिकडून नमुने मागवले आणि वॉटर्लूच्या एका कुंभाराकडून तशाच नळ्या हाताने करवून घेतल्या. १८३८ पासून तो चर खणून त्या पुरत गेला. शेजारी म्हणायचे, हा पैसे मातीत घालतोय. दोन-चार हंगामांत त्याचा गहू शेजाऱ्यांच्या कितीतरी पट उतरायला लागला, तेव्हा तेच लोक बघायला येऊ लागले. अमेरिकेत त्याला शेतनिचऱ्याचा जनक मानतात. पुढे ओहायो, इंडियाना, आयोवातल्या दलदलीच्या जमिनी याच पद्धतीने लागवडीखाली आल्या.

घरात शेकडो प्रकारच्या नळ्या मांडून ठेवल्या आहेत. सुरुवातीच्या नळ्या घोड्याच्या नालासारख्या, खालून उघड्या, कारण त्या चिखलाच्या पाट्या वाकवून करत. काहींवर भाजण्याआधी कुंभाराची बोटं उठलेली दिसतात. नंतरच्या गोल, यंत्रावर काढलेल्या. आपल्याकडून येणारे शेजारची रोझ हिल हवेली पाहून परत फिरतात. ती १८३९ ची, पांढऱ्या खांबांची, छानच आहे. पण हे साधं घर सोडू नका.

कृष्णाकाठ_शिरोळ

वा! आमच्याकडं हेच आता प्लॅस्टिकच्या सच्छिद्र पायपांनी करतोय. साखर कारखान्यानं पुढाकार घेतला आणि गावंच्या गावं एकत्र आली, कारण एकट्यानं करून भागत नाही, पाणी शेवटी कुणाच्या तरी बांधावरनंच ओढ्याला काढावं लागतं. माझ्या रानात मिठाचा पांढरा थर यायचा, काही उगवायचं नाही. पाईप घातल्यावर पहिला पावसाळा जोरात झाला आणि चेंबरमधनं खारं पाणी दिवसरात्र पडत होतं. दुसऱ्या वर्षी हरभरा आला. त्या जॉन्स्टनला १८३८ मध्ये हे कुणाच्या मदतीशिवाय सुचलं आणि त्यानं लोकांचं ऐकून सोडलं नाही, ह्याला मोठी छाती लागते. त्या बोटं उठलेल्या नळीचा फोटो असंल तर टाका सतीशराव.

पाणथळ

माँटेझुमा राहून गेलं म्हणून लिहितो. कयुगाच्या उत्तर टोकाला, टायर या गावाच्या हद्दीत, आय-९० ला लागूनच माँटेझुमा अभयारण्य आहे. हायवेवरून जाताना उजव्या-डाव्या हाताला जे पाणी आणि देवनळाची बेटं दिसतात ती हीच.

पूर्वी इथे अफाट दलदल होती. १९१० च्या सुमारास कालवा नवा बांधताना सरोवराच्या तोंडाशी बांध घातला, पाण्याची पातळी खाली गेली आणि दलदल आटून गेली. १९३८ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि बंधारे घालून पाणी पुन्हा अडवलं गेलं. १९७६ मध्ये इथे एक मोठं काम झालं. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन बाल्ड ईगल हे पांढऱ्या डोक्याचे गरुड न्यूयॉर्क राज्यातून जवळपास संपले होते. इतर राज्यांतून पिल्लं आणून उंच मनोऱ्यांवर ठेवली. माणूस दिसणार नाही अशा बेताने खायला दिलं आणि पंख फुटल्यावर सोडली. ती मोठी होऊन याच मुलखात परतली. आज इथे ईगल दिसणं रोजचं झालं आहे, ते त्या पिल्लांमुळे.

साधारण तीन मैलांचा एकेरी रस्ता आहे, गाडीतूनच फिरायचं, गाडी म्हणजेच तुमचं लपण. मार्च-एप्रिलमध्ये स्नो गूजचे प्रचंड थवे उतरतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बदकं. उन्हाळ्यात ऑस्प्रे, हेरॉन. हिवाळ्यात रस्ता बंद असतो. शक्य तर सूर्योदयाला जा, आणि दुर्बीण हवीच.

मंदार_जे

काउंटीची खरी ओळख आज वाईन आहे, तिला इतकं कोपऱ्यात का टाकलं? १९७६ मध्ये राज्याने कायदा बदलला आणि छोट्या शेतकऱ्याला स्वतःच्या द्राक्षांची वाईन थेट ग्राहकाला विकता येऊ लागली. १९८३ मध्ये कयुगाच्या काठच्या वाईनऱ्यांनी एकत्र येऊन जो ‘वाईन ट्रेल’ आखला तो देशातला पहिला. इथली रीसलिंग ही पांढरी वाईन जगात नावाजली जाते. हा कायदा नसता तर यातली निम्मी शेतं विकली गेली असती. नाशिककडून आलेल्या माणसाला तर हे पाहिलंच पाहिजे, आपल्याकडच्या बागायतदारांनाही शिकण्यासारखं आहे.

अनघा_रॉचेस्टर

मंदार, वाईनचं महत्त्व मान्य आहे आणि कायद्याची माहिती मोलाची. पण वाईनऱ्या आपल्या लोकांना आधीच ठाऊक आहेत. माझा आग्रह आहे तो त्या वाटेवरच्या बाकीच्या गोष्टींसाठी. सेनेकाच्या काठाने ९६ए या रस्त्यावर दक्षिणेकडे गाडी घातली की उजवीकडे सरोवर, आणि दुसऱ्या बाजूला मैलोन्‌मैल उंच तारेचं कुंपण लागतं. लोक वाईनरीच्या घाईत त्याच्याकडे बघतही नाहीत.

तो जुना सेनेका आर्मी डेपो. १९४१ मध्ये लष्कराने दारूगोळ्याच्या कोठारांसाठी १० हजार एकरांहून जास्त जमीन घेतली. शंभराच्या आसपास शेतकरी कुटुंबांना काही दिवसांत घर सोडायला लावलं, काहींची पिकं उभी होती. मातीने झाकलेली ५०० वर काँक्रीटची कोठारं आजही तिथे आहेत. कुंपणात जी हरणं अडकली त्यांत पांढऱ्या रंगाचा गुण उतरत गेला, आणि सैन्याने पांढऱ्या हरणांची शिकार बंद ठेवल्यामुळे कळप वाढला. ती अल्बिनो नाहीत, डोळे तपकिरी असतात. संध्याकाळच्या सुमारास रस्त्यावरून नशिबाने दिसतात. मला एकदा तीन दिसली, कुंपणापासून जरा आत, मोकळ्या गवतात, आणि त्यांच्या मध्ये एक साधं तपकिरी पाडस.

धुंडीराज, तुम्ही सांगितलेलं केंडाया याच पट्ट्यात होतं. म्हणजे १७७९ मध्ये जिथून कयुगा-सेनेकांना हुसकावलं, तिथूनच १९४१ मध्ये त्या सैनिकांच्या मागून आलेल्या शेतकऱ्यांना उठवलं. १९८३ मध्ये, इथे अण्वस्त्रं ठेवली आहेत म्हणून, देशभरातून बायका येऊन डेपोच्या कुंपणाला लागून छावणी घालून राहिल्या होत्या. त्यांनी जागा म्हणून मुद्दाम सेनेका फॉल्सचा परिसर निवडला आणि तिथूनच डेपोकडे मोर्चा काढला. वॉटर्लूच्या पुलावर त्यांची वाट अडवली गेली आणि ५४ जणींना अटक झाली. २००० मध्ये डेपो बंद झाला.

निशिगंधा_आरएन

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात नर्स आहे, म्हणून विलार्डबद्दल लिहिते. ओव्हिडच्या खाली सेनेकाच्या काठावर १८६९ मध्ये राज्याने मनोरुग्णांसाठी मोठी संस्था उघडली. त्याआधी हे रुग्ण गावोगावच्या अनाथ-गरीबगृहांत साखळदंडात असत. विलार्डची पहिली रुग्ण अशीच एक बाई होती, बोटीने आणलेली. तेव्हाच्या मानाने हा सुधारणेचा प्रयत्न होता, आणि तो खरा होता. रुग्ण शेती करत, शिवणकाम करत, मोकळ्या हवेत असत. पण आत गेलेला माणूस बहुतेक वेळा बाहेर आला नाही.

१९९५ मध्ये संस्था बंद होताना कर्मचाऱ्यांना एका इमारतीच्या माळ्यावर ४०० च्या वर सुटकेसा सापडल्या. भरती होताना रुग्णांनी आणलेल्या, कधीच परत न उघडलेल्या. आत फोटो, पत्रं, शिवणाचं सामान, लहान बाळाचे कपडे, सैनिकी गणवेश. राज्याच्या संग्रहालयाने त्या जपल्या, त्यांचं प्रदर्शन झालं. दफनभूमीत पाच हजारांवर माणसं आहेत आणि कबरींवर नावं नव्हती, फक्त आकडे. लॉरेन्स मोका नावाच्या एका रुग्णानेच कित्येक वर्षं तिथे कबरी खणल्या आणि तोही तिथेच पुरला गेला. गावातल्या लोकांनी पाठपुरावा केला तेव्हा २०१५ मध्ये त्याच्या नावाचा दगड बसला. बाकीच्यांची नावं गोपनीयतेच्या नियमाखाली अडकतात. माझं मत स्पष्ट आहे : शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव लपवण्यात त्याचा मान राखला जात नाही. ते कोरायला हवं.

इमारतींत जायची परवानगी नाही, काही जण व्हिडिओसाठी घुसतात, कृपया तसं करू नका. दफनभूमीला मात्र शांतपणे जाऊन या.

सतीश_इथाका

निशिगंधाताई, धन्यवाद. त्या जागेबद्दल एक गोष्ट. विलार्डच्या आधी तिथे राज्याचं शेतकी कॉलेज होतं. १८६० मध्ये उघडलं, लगेच यादवी युद्ध पेटलं, अध्यक्षासह लोक लढाईला गेले आणि कॉलेज बसलं. त्यानंतर शेतकी शिक्षणासाठीचं केंद्राचं अनुदान इथाकाला एझ्रा कॉर्नेलच्या नव्या विद्यापीठाकडे गेलं. ते कॉलेज तगलं असतं तर आज आपली मराठी मुलं शिकायला ओव्हिडला आली असती.

विशाखा_एडिसन

आम्ही जुलैत जाणार आहोत. सासू-सासरे सत्तरीपुढचे, दोन मुलं सात आणि अकरा वर्षांची. फार चालणं नको, शाकाहारी जेवण हवं, मुलांना पाण्यात खेळायचं आहे. आणि कुणी तरी म्हणालं की तिकडे कचऱ्याचा वास येतो, खरं का?

अनघा_रॉचेस्टर

विशाखा, वासाचं खरं आहे. वॉटर्लू आणि सेनेका फॉल्सच्या मध्ये राज्यातला सर्वांत मोठा कचरा डेपो आहे, न्यूयॉर्क शहराचा कचराही इथे येतो. वाऱ्याच्या दिशेवर सगळं अवलंबून, काही दिवस काहीच जाणवत नाही. गावातले लोक तो वाढवू नये म्हणून वर्षानुवर्षं झगडत आहेत. राहायची जागा सरोवराच्या काठाला घे, तिथे त्रास नाही.

पहिला दिवस सेनेका फॉल्स. उद्यानाचं केंद्र, चॅपल आणि पाण्याची भिंत सगळं एकमेकांना लागून आहे, सासूबाईंना चालणं पडणार नाही. केंद्रात दाराशीच परिषदेच्या मंडळींचे माणसाएवढे ब्राँझचे पुतळे आहेत, मुलं त्यांच्या मध्ये उभी राहून फोटो काढतात. डग्लसना शोधायला सांग. मग कालव्याच्या काठी बाकावर बसा. १९ जुलैच्या जवळच्या शनिवार-रविवारी गेलात तर वर्धापनाचे कार्यक्रम असतात, फक्त गर्दी धरून चला. मॅक्लिंटॉकांचं घर वॉटर्लूला, गाडीने दहा मिनिटं. ते रोज उघडं नसतं, केंद्रात विचारून घ्या. वॉटर्लूत मेमोरियल डेचं, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाचं, छोटं म्युझियमही आहे. ५ मे १८६६ ला गावाने युद्धात गेलेल्यांसाठी पूर्ण दिवस दुकानं बंद ठेवली, आणि १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्या दिवसाचं जन्मस्थान म्हणून याच गावाला मान दिला. दुसरी गावंही हा मान मागतात आणि इतिहासकारांना वॉटर्लूचा दावा पटत नाही, पण म्युझियम बघण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे माँटेझुमा, नंतर कयुगाच्या काठाने रस्ता ८९ धरून दक्षिणेला. सेनेका फॉल्सजवळच कयुगा लेक स्टेट पार्क आहे, पाणी उथळ, मुलांना उत्तम. उन्हाळा सरत आला की दोन्ही सरोवरांत निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग येतो, तो विषारी असतो, तेव्हा पोहण्याआधी पाटी वाचायची आणि रंग लावल्यासारखं पाणी दिसलं तर मुलांना उतरू द्यायचं नाही. ८९ वरून खाली गेलात की काउंटीच्या बाहेर लगेच टॉगॅनॉक धबधबा. ६५ मीटरची एकसंध धार, नायगारापेक्षा उंच. वरच्या कठड्यावर गाडी जाते, सासऱ्यांना तिथूनच दाखव. जेवायला पुढे इथाका गाठा, शाकाहाराची तिथे काळजीच नाही. काउंटीच्या आत मात्र डबा जवळ ठेवा.

रस्त्याला आमिश आणि मेनोनाइट शेतकऱ्यांच्या टपऱ्या लागतील. जुलैत चेरी, ब्लूबेरी, ताजा मका. अनेक ठिकाणी माणूस नसतो, फक्त पैशांची पेटी असते, सुटे डॉलर ठेवा. रविवारी बंद. त्यांचे फोटो काढू नका, त्यांना ते आवडत नाही. घोडागाडी पुढे असेल तर हॉर्न न वाजवता लांबून जागा देऊन पुढे जा.

विशाखा_एडिसन

मनापासून आभार अनघाताई. १९ जुलै धरूनच जागा बघते. तुम्ही सांगितल्यावर पकिप्सीलाही जायचं ठरवलं आहे, सासूबाईंनी आनंदीबाईंचं चरित्र वाचलेलं आहे, त्या आत्तापासून फुलं कुठे मिळतील विचारत आहेत. तिथली दफनभूमी किती वाजेपर्यंत उघडी असते आणि ती जागा सापडायला सोपी आहे का, कुणी नुकतं जाऊन आलं असेल तर लिहा.